पाठीला कळक, पोटाला धामण

धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. मधल्या थराला यातलं फारसं काही सोसावं लागत नाही. पाठ आणि पोट एकमेकांवरून घसरू न देता दोघांत अंतर राखायचं, एवढंच त्याचं काम. हे डोक्यात बसल्यावर ‘धनुष्याला चांगलं लाकूड कोणतं?’ हा माझा प्रश्नच निकालात निघाला. तिन्ही कामं एकाच लाकडाने करावीत हा हट्ट कशाला? तीन पट्ट्या इपॉक्सीने चिकटवायच्या, ज्याला जे जमतं ते त्याला द्यायचं.

पाठीसाठी बांबूला तोड नाही. त्याचे चिवट धागे सालीलगत दाटलेले असतात, म्हणून त्या बाजूला रंधा लावायचाच नाही. सपाट करायची ती फक्त आतली बाजू. मला आधी कोकणातला माणगा हवा होता; भरीव आणि सरळ. पण माझी पट्टी 35 मिलिमीटर रुंद. 4 सेंटिमीटर व्यासाच्या माणग्यातून ती काढली तर मध्ये 1 सेंटिमीटरचा फुगवटा येतो, आणि सगळा ताण त्या अरुंद माथ्यावर पडतो. 10 सेंटिमीटरच्या कळकात, म्हणजे जाड बांबूत, हाच फुगवटा जेमतेम 3 मिलिमीटर. माणगा गच्चीवर कारल्याच्या वेलाला आधार द्यायला गेला.

पोटाच्या लाकडासाठी वखार गाठली.

“यंदा देखाव्यात राम आहे का?” मिस्त्रींनी विचारलं.

“नाही मिस्त्री, खरंच बाण मारायचाय.”

त्यांनी कौतुकाने नक्षीदार शिसवाची फळी काढली. नक्षी म्हणजे धागे वळलेले, आणि वळलेला धागा पट्टीच्या कडेला बाहेर पडतो तिथूनच ती तडकते. शिवाय शिसव जड. भुजेच्या, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या भागाच्या, टोकाकडचं वजन बाणाचा वेग खातं. मी मागितली धामण, कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात ती. मिस्त्रींचा चेहराच उतरला. तुकड्याच्या टोकाला पटाशी लावून ठोकलं; चीर शेवटपर्यंत सरळ गेली, तीच फळी घेतली. लाकडाच्या जातीवर लोक तासन्‌तास वाद घालतात, ही चीर मात्र कोणी बघत नाही.

मधल्या थराला जुन्या दरवाजाचं सागवान. हलकं आणि पावसाळ्यात न फुगणारं, पण तेलकट. म्हणून रंधा मारल्याबरोबर अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवायचं.

खरी कसोटी जाडीची. ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो: 10 मिलिमीटरची भुजा 11 केली की ती एक तृतीयांश अधिक ताठ. रुंदी तेवढ्याच प्रमाणात वाढवली तर ताठरपणा दहाच टक्के वाढतो. त्यामुळे व्हर्नियरशिवाय पट्टीला हात लावायचा नाही, असा मी नियमच केला.

सलग लांब फळी न मिळाल्याने सागवान आणि धामण यांना मुठीपाशी सांधा द्यावा लागणार होता. वरच्या आणि खालच्या भुजेच्या पट्ट्या एकाच फळीतून लागोपाठ कापल्या, तरी त्या जुळ्या निघत नाहीत. प्रत्येक पट्टी एका टोकाला शिकंज्यात धरून दुसऱ्या टोकाला सारखंच वजन टांगलं आणि किती वाकते ते मोजलं. मूठ धनुष्याच्या मध्याच्या थोडी खाली असते, त्यामुळे खालच्या भुजेवर जोर जास्त येतो. कमी वाकलेल्या पट्ट्यांवर पेन्सिलीने ‘खाली’ लिहिलं, आणि इपॉक्सी कालवायला घेतलं.