होडी लोटण्याची वेळ

आम्हा सोलापूरकरांचा पाण्याशी संबंध तळ्याचा आणि धरणाचा. सिद्धेश्वराचे तळे, हिप्परग्याचा तलाव, फार तर भीमेवरील उजनीचा विस्तीर्ण जलाशय. याहून मोठे पाणी आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले नसते. हे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. दिवसातून दोनदा येण्याजाण्याची सवय त्याला नाही. उजनीवरचा मासेमार पहाटे उठून होडी लोटतो, ती वेळ तो आपल्या सोयीने ठरवितो. समुद्रकाठच्या मासेमाराला मात्र ही मोकळीक नाही. त्याची वेळ चंद्र ठरवितो. ही गोष्ट मी भूगोलाच्या पुस्तकात वाचली होती. परंतु तिचा खरा अर्थ मला दिवाळीच्या सुटीत कोकणात उमगला.

मालवण आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान एका खाडीच्या मुखाशी वडिलांच्या स्नेह्यांचे घर आहे. घरचा धंदा मासेमारीचा. त्या घरातील वृद्ध तांडेलांना सारे आबा म्हणत. त्यांच्या ओसरीवर पंचांग टांगलेले असे. मी विचारले, “आबा, भरती केव्हा येणार हे तुम्हांस कसे कळते?” त्यांनी हसून सांगितले की, तिथीची पाऊणपट करावी म्हणजे झाले. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. तीन वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहा वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, आणि सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरते. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र होते, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ एकमेकींस काटकोनात पडते, तेव्हा पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते. त्यास भांग म्हणतात. हिशेब स्थूल खरा, पण घड्याळ नसलेल्या पिढ्यांनी त्यावर आपले प्राण सोपविले.

परंतु केवळ भरती जाणून भागत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध साचलेला असतो. ओहोटीचे पाणी खाडीतून वेगाने बाहेर पडते आणि समुद्राची लाट आत येऊ पाहते. या दोघांची झुंज त्या उथळ बांधावर होते, आणि लाटा उभ्या राहून फुटतात. होडी अशा लाटेस आडवी झाली की उलथलीच. म्हणून बाहेर पडताना नाळ लाटेच्या समोर सरळ धरावी लागते; आत येताना फुटणाऱ्या रेषेच्या बाहेर थांबून लाटा निरखाव्या लागतात. लाटा टोळीने येतात. काही मोठ्या लाटा गेल्या की मध्ये थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत, एका लाटेच्या पाठीमागून, सर्वांनी एकदम वल्ही मारावयाची. वाळूस लागल्यावर होडी आणि किनारा यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये, कारण पुढची लाट होडीस अंगावर घालते.

कार्तिक शुद्ध पंचमीचा दिवस होता. पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती भरली तेव्हा आबा, त्यांचा मुलगा आणि दोन खलाशी होडी घेऊन गेले. नऊ वाजता होडी परत दिसली, तेव्हा ओहोटी जवळजवळ संपत आली होती. रात्री वारा वाढल्यामुळे बांधावर पांढरी भिंत उभी होती. बाहेर होडी नांगरून थांबली. किनाऱ्यावर मासळीचा व्यापारी गाडी घेऊन उभा होता. उशीर झाला तर तो निघून जाणार आणि मासळीचा भाव पडणार, हे सर्वांना ठाऊक होते. होडीत मुलगा हात उंचावून मुखाकडे दाखवीत होता. आबा मात्र सुकाणूपाशी स्वस्थ बसून होते.

मी काकींकडे पाहिले. त्यांच्या थोरल्या दिराची होडी याच बांधावर ओहोटीच्या वेळी उलथली होती, आणि ते परत आले नव्हते, हे मला आदल्या रात्री कळले होते. काकींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि एवढेच म्हटले, “दर्यो आपल्यासाठी थांबाचो नाय, आपणाकच थांबूक व्हया.” दहाच्या सुमारास व्यापारी निघून गेला. काकींनी त्यास थांबविले नाही, की होडीस खूण केली नाही. एक वाजून गेल्यावर भरतीचे पाणी बांधावर पुरेसे चढले, पांढरी भिंत मोडून नुसत्या उंचवट्यासारखी झाली, आणि तीन लाटा जाऊ देऊन होडी आत आली. मासळी त्या दिवशी निम्म्या भावात गेली. मुलगा सायंकाळपर्यंत बापाशी बोलला नाही. पण रात्री जेवताना त्याने आपण होऊन विचारले, “आबा, उद्या षष्ठी, म्हणजे साडेचार ना?”

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक सीलच्या कातड्याने मढविलेल्या कयाक नावाच्या अरुंद होडीतून शिकार करीत. आज तशाच आकाराच्या प्लास्टिकच्या होड्या घेऊन जगभर हौशी लोक मासेमारीस जातात. होडी बदलली, वल्हे बदलले, भरतीचे कोष्टक छापील मिळू लागले. तरी फुटणाऱ्या लाटेबाहेर थांबून योग्य क्षणाची वाट पाहणे कोणासही चुकलेले नाही. आम्ही विद्यार्थी धाडसाचे पोवाडे पुष्कळ ऐकतो. हाती माल आहे, घर समोर दिसते आहे, लोक पाहत आहेत, आणि तरीही चार तास नांगर टाकून बसणे, हेही धाडसच होय. त्याचे पोवाडे कोणी गात नाही इतकेच.

वाचकहो, येत्या शुद्ध अष्टमीस सायंकाळी सहा वाजता सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभे राहून अर्धा चंद्र पाहा. तळ्याचे पाणी तसूभरही हललेले नसेल. पण त्याच सुमारास तिकडे कोकणात भरती पूर्ण होत असेल, आणि कोणी तांडेल होडीस खांदा देत असेल.