पैलतीरावरचे देव

कुठ्ठाळीला झुआरीचं पात्र चांगलंच रुंद आहे. समोर आगशी, डोक्यावरून गेलेले पूल, खाली खाडीसारखं संथ, मळकट हिरवं पाणी. फाल्गुनातलं ऊन चढत होतं आणि मी पूर्वेकडे पाहत होते, कारण सोळाव्या शतकात इथून पळून जायची दिशा ती होती. समोरच्या काठावर जाऊन काही उपयोग नव्हता. तो तिसवाडीचा काठ 1510 मध्येच अफोन्सो द अल्बुकर्कनं जिंकलेला. सुरक्षित मुलूख होता तो नदीच्या वरच्या अंगाला, अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात.

या गावाचं जुनं नाव कुशस्थळी. मंगेशाचं मूळ ठिकाण हे. 1543 मध्ये साष्टी आणि बारदेश हे महालही पोर्तुगिजांकडे गेले आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. देवळं पाडायचे हुकूम निघाले. सणवार, लग्नं, मुंजी उघडपणे करायला बंदी आली. 1559 च्या एका कायद्यानं अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याची मुभा दिली, आणि पुढं वडील वारलेली मुलंही अनाथ धरली गेली. 1560 मध्ये इन्क्विझिशनचं न्यायपीठ गोव्यात आलं. 1567 साली राशोलचा कप्तान दियोगु रोद्रिगिश यानं साष्टीतली सुमारे 280 देवळं जमीनदोस्त केली. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. गावात उभं राहिलं की तीच ओळ माणसांची होते. ज्या घरातला कर्ता पुरुष नुकताच गेला, त्या घरातल्या बाईनं त्या रात्री मुलाला कुठं लपवलं असेल?

मंगेशाचं लिंग 1560 च्या सुमारास इथून हललं. नदीनं नेलं, रात्री नेलं, अशा आठवणी घराण्याघराण्यांत सांगतात. तपशील काहीही असोत, कुणीतरी ते उचललं एवढं नक्की. पकडले गेलो तर आपलं काय होईल हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

मला लहानपणापासून एक प्रश्न छळायचा. जो देव आपली राखण करणार, त्यालाच पळवून न्यायची वेळ येते, मग त्याच्यावर भार टाकायचा तरी कसा? देवळं पाडणाऱ्यांचा टोमणाही हाच होता: स्वतःला वाचवू न शकणारा देव तुम्हाला काय वाचवणार? कुठ्ठाळीच्या काठावर मला वसुदेव आठवला. तोही अंधारात, भरल्या यमुनेतून, जगाच्या पालनकर्त्याला टोपलीत घालून चालला होता. त्या गोष्टीत कुणी विचारत नाही की परमेश्वराला टोपली कशाला लागते. आपल्याकडे लेकरांनादेखील ठाऊक असतं की देव असाही येतो, माणसाच्या हातात पडून, माणसानंच जपावं म्हणून. साष्टीतली माणसं ही गोष्ट ऐकत वाढली होती. वेळ आली तेव्हा त्यांनी टोपली उचलली.

कुठ्ठाळीहून फोंड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे या परागंदा देवांचा नकाशाच आहे. आधी केळोशी लागतं. शांतादुर्गा इथली. मग वेर्णा. आता औद्योगिक वसाहतीमुळे माहीत असलेलं हे गाव म्हाळसेचं. तिच्या जुन्या जागी आता पुन्हा मंदिर उभं राहिलं आहे. पुढं लोटली, जिथल्या जुन्या वाड्यांचे फोटो काढायला पर्यटक थांबतात, तो रामनाथाचा गाव. थोडं बाजूला राय, कामाक्षीचं. आणि मग बोरीचा पूल. पूल ओलांडला की तेच सगळे देव पुन्हा भेटू लागतात: शांतादुर्गा कवळ्याला, रामनाथ रामनाथीला, म्हाळसा म्हार्दोळला, मंगेश मंगेशीला, तर कामाक्षी नदीच्या वरच्या अंगाला शिरोड्याला. गाडीनं हा प्रवास इतका थोडा आहे की बोलता बोलता संपतो. पण ज्यांनी तो पहिल्यांदा केला त्यांची घरं, भाताची खाजनं, माड, गावकीतला मान, सगळं मागं राहिलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती बऱ्याचदा वगळली जाते. देव पैलतीरी आले तेव्हा अंत्रुज महाल विजापूरच्या आदिलशाहीत होता. शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला तो 1675 मध्ये, म्हणजे शंभरावर वर्षांनी. निराश्रित देवांना पहिली जागा मिळाली ती सुलतानाच्या राज्यात. आश्रय कुठून मिळेल याचा हिशेब माणसाला आधी करता येत नाही. मला तरी यात देवाचाच हात दिसतो.

कवळ्याला मी पोचले तेव्हा दुपारची आरती व्हायची होती. इथं येण्याचं माझं कारण खासगी होतं. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि तिनं एकच सांगितलं होतं, ‘कवळ्याला जाऊन गाऱ्हाणं घालून ये.’ तळीजवळ अबोलीचे वळेसर विकणाऱ्या बाईनं माझ्याकडे पाहून एकच शब्द विचारला, ‘कुळावी?’ म्हणजे देवीच्या कुळांपैकी का. मी मान हलवली. तिनं ओटीच्या नारळावर एक वळेसर जास्तीचा ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

भटजींनी घराण्याचं नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, दुखणं विचारलं आणि हात जोडून कोकणीत गाऱ्हाणं सुरू केलं. देवीला सांगितलं की ही तुझी लेक मुंबईहून आली आहे, हिची आई आजारी आहे, चुकलंमाकलं पोटात घाल, वाट सोपी कर, राखण कर. त्यात मागणं थोडं होतं. बराचसा भाग आम्ही कोण, कुठले, कुणाचे हे देवीच्या कानावर घालण्यातच गेला. इस्पितळाच्या रांगांमध्ये आईचा एक केसपेपर झाला होता. इथं ती पुन्हा कुणाची तरी लेक झाली. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि भटजींनी ती संपेपर्यंत तीर्थाची पळी तशीच हातात धरून ठेवली.

मग किती तरी वेळ मी सभामंडपात बसून राहिले. आताचं हे देऊळ 1738 मधलं, शाहू छत्रपतींच्या काळात त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. म्हणजे केळोशी सुटल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. तोवर देवी कशात राहिली असेल? बहुधा चिऱ्याच्या साध्या भिंतीत, शाकारलेल्या छपराखाली, जशी तिची माणसं राहत होती तशी. आजची झुंबरं, रंगीत काचा, पायाखालची गुळगुळीत फरशी पाहताना ती मधली वर्षं विसरायला होतात. आणि ही देवी आहे तरी कोण? कथा अशी की शिव आणि विष्णू यांचं भांडण पेटलं तेव्हा ती दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिनं ते मिटवलं. तलवारीच्या धाकानं गाव सोडलेल्या लोकांनी ज्या देवीला बरोबर आणलं ती भांडण मिटवणारी होती, याचा मी त्या दिवशी पुष्कळ वेळ विचार केला.

कवळ्याहून बांदिवडे जवळच. तिथला नागेश मात्र कुठून पळून आलेला नाही. तो आधीपासूनचा इथला, देवळाच्या आवारात 1413 चा विजयनगर काळातला शिलालेख आहे. शेजारची महालक्ष्मी कोलव्याहून आली असं मानतात. म्हणजे आधीच्या देवानं नव्यानं आलेल्यांना शेजार दिला. बांदिवड्यातच सोंदेकर राजांचा वाडा आहे. 1763 मध्ये हैदर अलीच्या फौजांपुढं सोंद्याचा राजा आपलं राज्य सोडून आश्रयाला आला, तो पोर्तुगिजांकडे! फोंडा आणि आसपासचे महाल त्यानंतर पोर्तुगिजांच्या हाती गेले. तेव्हा मात्र इथल्या देवळांना आणि रीतिरिवाजांना हात न लावण्याचं वचन देण्यात आलं, आणि ते पाळलं गेलं. दोनशे वर्षांपूर्वी ज्यांच्या भयानं देव इकडे आले होते त्यांचंच राज्य देवांच्या पाठोपाठ नदी ओलांडून आलं, आणि देव जागचे हलले नाहीत.

म्हार्दोळ आणि मंगेशी इथं गर्दी फार असते. म्हार्दोळच्या समईवर आणि मंगेशीच्या सातमजली दीपमाळेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. देवळांच्या बांधणीकडे मात्र सावकाश पाहावं. शिखराच्या जागी घुमट, अष्टकोनी मनोरा, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या, कठडे. ही घडण नदीपल्याडच्या चर्चची आहे. ज्या वास्तूंनी मूळ देवळांची जागा घेतली, त्यांच्याच कमानी घेऊन गोव्याच्या कारागिरांनी नवी देवळं बांधली. मनात विष ठेवून असलं देखणं बांधकाम होत नाही. मंगेशी गाव 1739 मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या विनंतीवरून पेशव्यांनी देवस्थानाला इनाम दिला. याच गावात 1900 साली दीनानाथांचा जन्म झाला आणि मंगेशकर हे नाव पुढं घरोघरी गेलं. कुशस्थळीचं लिंग जर त्या वेळी कुणी उचललं नसतं, तर हे नावही नसतं.

दुसऱ्या दिवशी मी दक्षिणेला कुंकळ्ळीला गेले. साष्टीतल्या सगळ्याच गावकऱ्यांनी मुकाट्यानं गाव सोडलं नाही. कुंकळ्ळीकर लढले. 15 जुलै 1583 रोजी तिथं चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना आणि त्यांच्या काही सोबत्यांना गावकऱ्यांनी ठार मारलं. त्या जेझुइटांचा प्रमुख रोदोल्फो अक्वाविवा, नुकताच अकबराच्या दरबारातून परतलेला विद्वान माणूस. नंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथं त्यांची कत्तल केली. त्यांचं स्मारक आज गावात आहे. मी दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी हात जोडले. माझी श्रद्धा मला याहून वेगळं काही करू देत नाही.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला नेली गेली, ती अजून तिथं आहे आणि अजून कुंकळ्ळीकरीण म्हणूनच ओळखली जाते. फाल्गुनात ती आपल्या गावी येते. सत्र्यांचा उत्सव म्हणतात त्याला. गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या पुढं चालतात, मागं देवीची पालखी, आणि फातर्प्यापासून कुंकळ्ळीपर्यंतचा रस्ता गुलालानं लाल होतो. मी त्याच दिवशी तिथं होते. इतका आवाज, इतके ताशे, इतका गुलाल! छत्र्या तोलत नाचवणाऱ्या पोरांच्या खांद्यांवर घाम आणि रंग यांचा चिखल झाला होता. बारा वांगडांतल्या कित्येक घराण्यांच्या शाखा चारशे वर्षांपासून ख्रिस्ती आहेत. त्यांचाही मान या उत्सवात आहे, आणि ते येतात.

ज्यांना जाता आलं नाही त्यांच्याविषयी आपण फार कमी बोलतो. सगळ्यांना नदी ओलांडता येत नव्हती. कुणाचे आईबाप अंथरुणाला खिळलेले, कुणाची जमीन हाच एकमेव आधार, कुणाचं मूल आधीच हिरावलेलं. ते मागं राहिले, बाप्तिस्मा झाला, नवी प्रार्थना शिकले, आणि पुढं प्लेगमध्ये, दुष्काळात, बोटीवर गेलेल्या मुलांच्या काळजीत त्याच प्रार्थनेनं त्यांना तारलं. त्यांच्या सायबिणीपुढच्या, म्हणजे मेरीमातेपुढच्या, मेणबत्तीला कमी मोलाची मानण्याचा मला काय अधिकार? म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानणारा हा प्रदेश आहे. इथल्या माणसांनी हे नातं कुणाच्या सांगण्यावरून जोडलेलं नाही.

एका चिऱ्याच्या घराच्या बल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर, म्हातारे गृहस्थ मिरवणूक पाहत बसले होते. गळ्यात क्रूस, सदऱ्यावर गुलाल. मला उन्हात उभी पाहून त्यांनी आत हाक मारून पाणी मागवलं आणि शेजारी जागा करून दिली. पुढून गेलेल्या एका छत्रीकडे बोट करून म्हणाले, ‘ती आमच्या वांगडाची.’ मी आईबद्दल सांगितलं, कवळ्याच्या गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं. त्यांनी आईचं नाव विचारून घेतलं, रविवारी मिसाला तिच्यासाठी मागेन म्हणाले. मग विचारलं, तुझी शांतादुर्गा कवळ्याची, पण मूळची कुठली? मी म्हटलं, केळोशीची.

‘केळोशी? मग तू साष्टीचीच की गो!’ म्हातारा उठलाच. माझा दंड धरून त्यानं मला पायऱ्या उतरवल्या, ताशांच्या गजरात ओरडून कुणाला तरी माझं घराणं सांगितलं, आणि पालखी येत होती तिकडे ढकललं.