तिसरें घर

गेल्या दिवाळींत आमच्या सूनबाईंनीं टॅरोच्या पत्त्यांचा एक जोड आम्हांस भेट दिला, तेव्हां आम्ही मनांतल्या मनांत हंसलों. ज्या घरांत पंचांग केवळ एकादशी पाहण्यापुरतें उघडलें जातें, तेथें हें परदेशी शकुनशास्त्र कशाला? परंतु त्याची हकीकत वाचल्यावर आमचा ग्रह थोडा बदलला. हे पत्ते १५ व्या शतकांत उत्तर इटलींत निर्माण झाले, ते निव्वळ खेळण्यासाठीं. भविष्यकथनाचें ओझें त्यांच्यावर पुष्कळ मागाहून पडलें. मिसर देशाच्या गूढ विद्येशीं त्यांचें नातें १७८१ सालीं कूर द जेबलाँ या फ्रेंच पंडितानें जोडून दिलें. त्यास आधार मुळींच नव्हता. आमच्या जोडांतील ७८ चित्रें पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचीं; तीं प्रथम १९०९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालीं.

सूनबाईंनीं पांच घरांची साधी मांडणी शिकविली: प्रकृति, उद्योग, आप्तजन, द्रव्य आणि मन. प्रत्येक घरांत एक पान पालथें ठेवावयाचें, क्रमानें उलटावयाचें, आणि चित्र पाहून त्या घराविषयीं जें सुचेल तें वहींत लिहावयाचें.

वैशाखांतील एके रात्रीं निजानीज झाल्यावर आम्ही ही मांडणी केली. प्रकृतीच्या घरीं गुडघ्यांचें गार्‍हाणें लिहिलें. उद्योगाच्या घरीं हातीं कंदील घेतलेला एकाकी वृद्ध आला. सेवानिवृत्तीनंतर त्याची ओळख पटावयास वेळ लागला नाहीं. तिसर्‍या घराशीं मात्र हात थबकला. पान अद्याप पालथेंच होतें, तरी तें सोडून चौथें उलटावें असें वाटलें. कोंकणांतील घराच्या वाटणीवरून वडील बंधूंशीं आमचें बोलणें नऊ वर्षें बंद होतें.

अखेर पान उलटलें. सहा पेल्यांचें तें पान. जुन्या अंगणांत एक मुलगा धाकट्या मुलीस फुलांनीं भरलेला पेला देत आहे. लहानपणीं दादा करवंदांचा द्रोण असाच आधीं आमच्या हातीं देत, मग स्वतः खात.

वाचकहो, हें पान येणें हा योगायोग होता. तरवारींचें पान आलें असतें, तर भांडण आठवलें असतें. पण आठवले असते दादाच. मनुष्य स्वतःचा विचार रोज करतो खरा. पण जेथें दुखतें तें घर तेवढें वगळून! मांडणीचा गुण एवढाच, कीं ती कोणतेंही घर वगळूं देत नाहीं.

दुसर्‍या दिवशीं सकाळीं आम्ही दादांना दूरध्वनि केला. क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग त्यांनीं आमच्या गुडघ्यांची चौकशी केली. वाटणीचा विषय दोघांनींही काढला नाहीं. तो पुढें निघेलच, आणि त्याचा निकाल पत्ते लावणार नाहींत. तो आम्हां दोघांसच समोरासमोर बसून लावावा लागेल.