आप्पांचा कोन

रावेरच्या शिवारात धारेवाचून दिवस पुढे सरकत नाही. केळीच्या बागेत वर्षभर काही ना काही कापायचंच असतं. बुंध्याशी फुटलेली पिलं, करपलेली पानं, घड पुरता निसवला की टोकाला लोंबणारं कमळ आणि शेवटी घड. गावात सुताराची पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, वेफर्सच्या भट्टीवरच्या किसणीचं पातं, घरोघरची विळी. आमच्या आळीतल्या यांपैकी बहुतेक धारांमागे आप्पांचा विचार होता. आप्पा गेले. त्या धारा अजून तशाच कापतात, आणि सुरुवातीला मला हेच सोसवत नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका. भुसावळच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून लागले, पुढे टूलरूममध्ये गेले. पहाटेची पॅसेंजर पकडायची. निंभोरा, सावदा, दुसखेडा, मग तापीचा पूल आणि भुसावळ. संध्याकाळी उलट वाट. डब्यात पत्त्यांचे डाव रंगायचे, तेव्हा आप्पा गुडघ्यावर वही ठेवून आकृत्या काढायचे. टूलरूमनं त्यांना एक सवय लावली होती. अंदाजानं काही म्हणायचं नाही. ड्रिलचं टोक ११८ अंशांचं म्हणजे ११८ अंशांचंच. कोन डोळ्यानं ठरवता येत नाही, पण लांबी काटेकोर मोजता येते, म्हणून कोनाला लांबीत उतरवायचं, हे त्यांनी तिथल्या साइन बारवर शिकून घेतलं. दोन रोलरांमध्ये २०० मि.मी. अंतर असलेला बार. त्याच्या एका टोकाखाली १०० मि.मी.चे स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे ठोकळे, रचले की बरोबर ३० अंश, ६८.४ मि.मी. रचले की २०. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. कोनमापक न लावता कोन हाती येतो, यातलं सुख त्यांना आयुष्यभर पुरलं.

गावात धार लावायच्या दोन रीती होत्या. एक, घराची दगडी पायरी. विळा घ्यायचा, पाणी शिंपडायचं आणि घासायचं. आमच्या जुन्या घराच्या पायरीला अशा घासण्यानं मधोमध खोलगट वाक पडलेला आहे. दुसरी रीत म्हणजे सायकल स्टँडवर चढवून पायडलनं चाक फिरवणारा धारवाला. ठिणग्या उडायच्या, आम्ही पोरं भोवती जमायचो. आप्पा मात्र पात्याच्या कडेकडे बघत उभे राहायचे. कड निळी पडली की त्यांचा जीव हळहळायचा. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यावर तो निळा रंग चढतो, आणि लोहारानं भट्टीवर बसून दिलेलं पाणी त्या जागी उतरायला लागतं. आमच्याकडचे विळे-कोयते ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांतून घडतात. चांगलं पोलाद, मेहनतीनं घडवलेलं. ते चाकाखाली क्षणात मऊ पडतं. धारवाल्याला ते कधी टाकून बोलले नाहीत. उन्हातान्हात फिरून पोट भरणारा माणूस, त्यानं घाई करू नये तर काय करावं, असं म्हणायचे. पण घाई करणाऱ्या हातालाही चुकता येऊ नये, अशी काहीतरी सोय हवी, हा विचार तिथून त्यांच्या डोक्यात बसला.

पायरीवर घासण्यातली अडचण वेगळी. प्रत्येक घासेला मनगट थोडं वर, थोडं खाली होतं. प्रत्येक घास वेगळ्या कोनात बसते आणि कड गोलावत जाते. पोलाद झिजतं, धार मात्र येत नाही. आप्पा पातं दिव्याखाली उभं धरायचे आणि मला कडेवर बघायला लावायचे. बोथट कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते, कारण उजेड परतवण्याइतकी जागा तिथे उरलेली असते. धार पुरती लागली की ती रेघ नाहीशी होते. ‘‘दिसते तवर लागली नाही,’’ ते म्हणायचे.

अशी सोय, म्हणजे धार लावताना कोन पक्का धरणारी मार्गदर्शी, त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती एका जुन्या सुताराकडे, शेफील्डच्या ‘एक्लिप्स’ची. पटाशी चिमट्यात पकडायची, खालच्या छोट्या चाकावर टेकवून दगडावर ओढायची. पटाशी बाहेर ४० मि.मी. काढली तर २५ अंश, ३० मि.मी. काढली तर ३०. साइन बारचंच तत्त्व इथे हातात मावत होतं. आप्पांनी ती घरी आणली, मोजली, वहीत उतरवली आणि परत केली. मग न्हाव्याच्या दुकानात जाऊन वस्तरा बघून आले. वस्तऱ्याची पाठ आणि कड दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन ठरतो. मार्गदर्शी पात्यातच घडवलेली असते. कुठल्या तरी जुन्या कारागिरानं हे ओळखलं, त्याचं नावही कुणाला माहीत नाही, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

त्यांची स्वतःची मार्गदर्शी अशी होती. लोखंडी पाट, त्यावर पातं पकडायचा चिमटा, समोर उभा खांब. खांबाच्या भोकातून एक सळई आरपार जाते, सळईच्या पुढच्या टोकाला दगड. धार आणि खांब यांमधलं आडवं अंतर अडणीनं पक्कं केलेलं, २५० मि.मी. सळईची पिन धारेच्या पातळीपासून ९१ मि.मी. वर लावली की २० अंश, ११६.५ वर २५, १४४ वर ३०. यात दगडाची जाडी मिळवायची. दगड झिजून पातळ झाला की उंचीही तेवढी उतरवायची. दगड बाजारात मिळणारा कार्बोरंडमचा. अमेरिकेत अ‍ॅचेसननं १८९१ साली कृत्रिम हिरे करायच्या प्रयत्नात हा पदार्थ केला, आणि आपल्याकडे उरणजवळच्या मोऱ्याला ग्राइंडवेलनं १९४१ साली घासचाकांचा कारखाना काढला, ही माहिती आप्पा मला दगड भिजत घालताना सांगायचे. ज्या वस्तूला हात लावायचा तिचा ठावठिकाणा माहीत असावा, असा त्यांचा आग्रह होता.

मी तेव्हा शाळेत होते. दगड पात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला तर खांबापासूनचं अंतर बदलतं, मग कोन कसा बदलत नाही, असं मी विचारलं. आप्पांनी भूमितीचं पुस्तक आणायला लावलं. एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू यांतून एकच प्रतल जातं. रेषा म्हणजे धार, बिंदू म्हणजे खांबाचं भोक, प्रतल म्हणजे दगडाचं तोंड. प्रतल एकच, म्हणून कोन एकच. परीक्षेसाठी पाठ केलेलं ते वाक्य त्या दिवशी माझ्या हातात दगड होऊन सरकत होतं.

पण हे सरळ धारेपुरतं. आमच्या गावाची धार सरळ नसते. विळा वाकडा, विळी वाकडी, आणि वाकावर प्रत्येक जागी रेषेची दिशा बदलते, तसा कोनही. निवृत्तीनंतरची आप्पांची बरीचशी वर्षं या वाकावर गेली. उत्तर सापडलं ते असं: दगड एका जागी चालवायचा आणि पातं फिरवायचं. वाक ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याच्या मध्यावर खिळा ठेवून पात्याची बैठक फिरती केली की धारेचा प्रत्येक भाग दगडाखाली त्याच जागी, त्याच दिशेनं येतो. विळ्याच्या आतल्या वाकाला सपाट दगड टेकत नाही, म्हणून दगडाची पट्टी घासून अर्धगोल केली. कडेला निळी शाई फासायची, दोनदा दगड ओढायचा आणि शाई कुठे उरली ते बघायचं. उरलेली शाई चूक दाखवते.

मोठ्या आईच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, विळीनं मात्र हे उत्तर मानलं नाही. लग्नापासूनची विळी, वांगी, गिलकी, अंबाडी सगळं तिच्यावरच चिरलेलं. पातं पाटापासून सोडवून आप्पांनी आलेखाच्या कागदावर त्याची कड उतरवली. एक वर्तुळ बसेना. मोठी आई ज्या भागावर जास्त चिरायची तो भाग जास्त झिजलेला, तिथला वाक वेगळा. शेवटी दोन वर्तुळं बसली. दोन्हींचे मध्य, ते वाक जिथे मिळतात तिथून काढलेल्या एकाच लंबावर घेतले की सांधा गुळगुळीत येतो. बैठकीला दुसरं भोक पाडलं, सांध्याशी खिळा एकातून काढून दुसऱ्यात घालायचा. तिच्या कामाची सवय त्यांनी दोन भोकांत मांडली. त्या दोघांना मी एकमेकांशी फारसं गोड बोलताना ऐकलं नाही. पण त्या कागदावर, पेन्सिलीनं, तिच्या चाळीसेक वर्षांच्या स्वयंपाकाची नोंद आहे.

बागेत काम करणारी माणसं विळे घेऊन यायची. आप्पा धार लावून देत नसत. माणसाला बसवायचे, त्याच्याकडूनच करवून घ्यायचे. ‘‘मी किती दिवस पुरनार? तू घास, तुले येते.’’ चार पैसे घेऊन धार लावली असती तर घरातलं माणूस तरी खूश झालं असतं, असं मोठी आई म्हणायची. पण बोथट विळ्याला जोर लागतो, जोर लावला की विळा सटकतो आणि पायावर येतो, हे आप्पांनी पाहिलेलं होतं. शहाण्या हाताची वाट बघत कुणी बोथट हत्यार घेऊन बागेत उतरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून त्यांनी अशा मार्गदर्शी करवून घेतल्या आणि वाटल्या.

पुढे त्यांच्या हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला. सही बदलली, म्हणून पेन्शनीच्या कागदांना अडचण येऊ लागली. वही त्यांनी माझ्याकडे दिली, कारण रेघ सरळ येईना. एक गोष्ट राहिली. मार्गदर्शीत पातं पकडून सळई हातात घेतली की दगड नेमक्या कोनात सरके. हात थरथरत होता, सळई थोडी मागेपुढे, डावीउजवीकडे व्हायची. पण वरखाली व्हायला वाव नव्हता. निघालेली धार दिव्याखाली धरली तर उजेडाची रेघ दिसत नसे. दुसऱ्यांच्या चुकणाऱ्या हातांसाठी त्यांनी जे केलं, ते शेवटी त्यांच्या हातांच्या कामी आलं. त्या दिवसांत ते रोज काहीतरी धारेला लावायचे. घरातली सुरी आधीच धारदार असली तरी मोठी आई ती त्यांच्यापुढे ठेवायची.

गंधमुक्तीला खूप माणसं आली. कुणी निंभोऱ्याहून, कुणी तांदलवाडीहून. उत्तरकार्याचा स्वयंपाक त्याच विळीवर झाला, आणि विळी चांगली चालत होती. मला ते बघवेना. मोठा गवई जातो तेव्हा त्याचा आवाज थांबतो, हाताचा लोहार जातो तेव्हा त्याची धार थांबते. आप्पांचं काहीच थांबलं नव्हतं. मार्गदर्शीवर मी दगड ओढला काय किंवा पोरानं ओढला काय, धार तीच. त्यांचा हात शोधायला गेले तर तिथे हात नव्हताच. होत्या त्या तीन उंच्या आणि एक अंतर. आयुष्यभर त्यांनी स्वतःची गरज संपवत आणली होती, आणि ते काम त्यांना पूर्ण साधलं होतं.

काय गेलं ते मला फार उशिरा, माणसं माझ्याकडे यायला लागल्यावर कळलं. मार्गदर्शी कोन धरते. तीन उंच्यांपैकी कुठली निवडायची, हे ती सांगत नाही. आप्पा पात्याकडे नंतर बघायचे, आधी माणसाला विचारायचे. ‘‘काय कापतो याच्यानं? दिवसभर का घडीभर? हात दुखतो का कुठं?’’ आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यायचे. दुखणारा खांदा, मालकाची घाई, नवा दगडाळ मळा, सगळं त्या उत्तरात यायचं. मग पिन लागायची. ते ऐकणं त्यांनी वहीत उतरवलेलं नाही, कारण त्याला लांबी नाही. त्यांच्याबरोबर गेलं ते एवढंच, आणि ते फार मोठं होतं.

परवा पॅकहाऊसवर काम करणारी एक मुलगी सुरी घेऊन आली. निर्यातीच्या केळीची फणी दांड्यावरून उतरवताना काप खरबरीत आला तर त्या जागी बुरशी धरते आणि बोटीवर फणी सडते, म्हणून तिला मुकादमाची बोलणी बसत होती. मऊ दांडा, एक सरळ काप, दिवसभर तेच काम: २० अंश. तिच्यामागे बसलेल्या काकांचा विळा पिलं कापायचा, दर घावाला मातीत शिरणारा: ३० अंश, नाहीतर कड दुपारपर्यंत तुटेल. दोघांनाही मी आधी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आप्पांचे प्रश्न विचारले. तसे विचारता यायला मला वेळ लागला, अजूनही लागतो. ज्यांना मार्गदर्शी हवी त्यांना मी मापं लिहून देते आणि मापांच्या वर हे तीन प्रश्न लिहिते. मापांशिवाय कोन येत नाही. पण कोणता कोन, हे समोरच्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.