गिअर कोण टाकणार?

नवी गाडी घ्यायची म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "किती ॲव्हरेज देते?" दुसरा, "किती सीसी?" आणि गाडी चारही चाकांनी ओढणारी, कच्च्या रस्त्याची असेल तर तिसरा ठरलेलाच, "डिझेलच घेणार ना?" गेले चार महिने हे तिन्ही प्रश्न मी ऐकते आहे. मोहल्ल्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या दस्तरखानावरसुद्धा. चौथा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही: गाडी चालवणार कोण?

आमच्या घरी त्याचे उत्तर सोपे आहे. मी. मुलांचे अब्बा मस्कतला असतात, वर्षातून एकदा महिनाभर येतात. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांची हीच तऱ्हा आहे. कमावणारा समुद्रापलीकडे आणि घर, म्हातारी माणसे, मुले, शाळा, दवाखाना बाईच्या अंगावर. गाडीची चावी मात्र आपण अजूनही मनातल्या मनात पुरुषाच्याच हातात देतो. शोरूममध्ये मी प्रश्न विचारत होते आणि सेल्समन उत्तरे माझ्या धाकट्या दिराला देत होता. दिराला गाडी चालवता येत नाही.

आमचे गाव चिपळूण तालुक्यात आहे. डांबरी रस्त्यापासून घर अर्धा किलोमीटर वर. मधली पाणंद जांभ्याची, दोन्ही बाजूंना गडगे. उन्हाळ्यात कोणतीही गाडी वर येते. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर तीच पाणंद ओढा होते. लाल चिखलाखाली कातळ आणि कातळावर शेवाळ. गेल्या जुलैत रात्री दोन वाजता अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, श्वास घेता येईना. रिक्षा आली, पण डांबरावरच थांबली. मोहल्ल्यातल्या चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भर पावसात खाली नेले. अल्लाहचा फजल, त्या आज बऱ्या आहेत. पण दरवेळी चार पोरे घरी असतीलच असे नाही. त्यातला एक आता कुवेतला गेला, दुसरा मुंबईला. गाडी घ्यायची ठरली ती त्या रात्रीमुळे, हौस म्हणून नाही. म्हणून निवडही त्या रात्रीच्या हिशेबानेच करायची, हे मी मनाशी पक्के केले.

पैशाची हद्द आधीच आखलेली होती. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही हे आमच्या घरात पहिल्यापासून आहे. त्यामुळे "हप्त्याने थोडे वरचे मॉडेल घ्या" हा शोरूमचा लाडका उपाय आमच्या कामाचा नव्हता. साठवलेले तेवढेच. यात एक फायदा असतो. कशाला किती महत्त्व द्यायचे ते तुम्हाला खरोखरच ठरवावे लागते.

आता पर्याय. आमच्याकडे पहिले नाव निघते थारचे, आणि त्याला कारण आहे. माझे मामू तीस वर्षे वडाप चालवायचे. आधी महिंद्राची कमांडर, मग ट्रॅक्स. जुन्या महिंद्रातल्या प्यूजो डिझेल इंजिनाचे नाव ते उस्तादाचे घ्यावे तशा अदबीने घेतात. ही कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते, हे आमच्या वाचकांपैकी काहींना माहीत असेल. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. नावे वेगळी झाली, जीप इथे राहिली.

मामूंचे म्हणणे एका वाक्यात असे: "डोंगरात ओढ लागते, आणि ओढ डिझेलला." मामू ज्याला ओढ म्हणतात त्याला कंपनीच्या कागदावर टॉर्क म्हणतात. चाकाला पीळ देणारी ताकद. जुन्या काळी मामू शंभर टक्के बरोबर होते. आज कागद वेगळे सांगतो. २०२० मध्ये आलेल्या थारमध्ये २.२ लिटरचे डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देते. त्याच थारचे २ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मॅन्युअलमध्ये ३०० आणि ऑटोमॅटिकमध्ये ३२० देते, तेही कमी फेऱ्यांवर. म्हणजे टर्बो आल्यापासून ओढीची मक्तेदारी डिझेलकडे राहिली नाही. डिझेलचा खरा फायदा उरतो तो इंधनाच्या खर्चात, आणि तो दिसायला गाडी भरपूर पळावी लागते.

माझी गाडी भरपूर पळणार नाही. शाळा सात किलोमीटरवर. बाजार, दवाखाना, कधी रत्नागिरी, वर्षातून दोन-तीनदा कराड. सगळे धरून वर्षाला सहा हजार किलोमीटर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात एक गाळणी असते, डीपीएफ नावाची. इंजिनाची काजळी तिच्यात साठते आणि गाळणी चांगली तापली की जळून जाते. तापायला गाडी मोठ्या रस्त्यावर, बऱ्या वेगात, काही वेळ सलग चालावी लागते. सात किलोमीटर जायचे, गाडी बंद करायची, दुपारी सात किलोमीटर परत, अशा चालीत गाळणी तुंबत जाते. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस काजळी जाळण्यासाठी विनाकारण हायवेला फेरी मारून येतो. रोज मुंबई-गोवा हायवेवर असणाऱ्याला डिझेल शोभते. शाळेच्या मास्तरणीला पेट्रोल. इंजिनाचा प्रश्न माझ्यापुरता इथे सुटला.

एक मोह मधे आला होता. थारचे १.५ लिटर डिझेल इंजिनाचे मॉडेल. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्या १८ टक्क्यांत बसल्या. मोठ्या इंजिनांना ४० टक्के. ही छोटी डिझेल थार १८ टक्क्यांत येते, म्हणून स्वस्त. दिराचे मत लगेच तिकडे झुकले. पण तिची फक्त मागची दोन चाके ओढतात. दिसायला जीप, शेवाळलेल्या कातळावर मात्र साधी मोटार. ज्या अर्ध्या किलोमीटरसाठी गाडी घ्यायची, तिथेच ती फसणार असेल तर स्वस्ताई कसली?

मग मी टेप घेऊन पाणंद मोजली. हे काम सगळ्यांनी करावे असे मी सांगेन. आमच्या विहिरीजवळच्या वळणावर गडग्यापासून गडग्यापर्यंत साडेसहा फूट भरले, म्हणजे सुमारे १९८० मिलिमीटर. पाच दारांची थार रॉक्स १८७० मिलिमीटर रुंद. आरसे मिटले तरी दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. पावसात, रात्री, वळणावर दोन इंच म्हणजे गडगा घासणारच. तीन दारांची थार थोडी अरुंद, पण मागे बसायला पुढची सीट वाकवून चढावे लागते. अम्मींच्या गुडघ्यांना ते जमणार नाही, आणि आजारी माणसाजवळ मागे कोणीतरी बसावेच लागते. फोर्सची गुरखा कागदावर सर्वांत दणकट, पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना लॉक, पण ती फक्त डिझेल आणि फक्त मॅन्युअल. राहिली मारुतीची जिमनी. १६४५ मिलिमीटर रुंद, पाच दारे, वजन सुमारे १२०० किलो. दीड लिटरचे साधे, बिनटर्बोचे पेट्रोल इंजिन, टॉर्क फक्त १३४. आकडा ऐकून मामूंनी कपाळाला हात लावला.

पण गाडी हलकी असली की चिखलात कमी रुतते. आणि १३४ चा आकडा सपाट रस्त्याचा आहे. या गाडीत लो रेंज असतो, गिअरबॉक्सच्या पुढे आणखी एक दात्यांची पायरी. लिव्हर ४एल वर टाकले की वेग निम्मा होतो आणि चाकाला मिळणारी ओढ दुप्पट. पाणंदीचा चढ ताशी सात-आठ किलोमीटरनेच चढायचा असतो, तिथे वेगाची गरज कोणाला? एक पथ्य मात्र पाळायचे. अशा गाड्यांत कोरड्या डांबरावर चार चाकांचा जोड लावून फिरायचे नाही. वळताना पुढची आणि मागची चाके कमी-जास्त अंतर कापतात, आणि त्याचा पीळ आतल्या यंत्रावर येतो. चिखल आला की जोडायचे, डांबर आले की सोडायचे.

आता शेवटचा आणि सर्वांत भांडणाचा प्रश्न. पाच गिअरचे मॅन्युअल की चार गिअरचे ऑटोमॅटिक?

मामूंचे तीन मुद्दे होते आणि तिन्ही खरे. उतारावर मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या दाबावर स्वतःला धरून ठेवते. बॅटरी बसली तर धक्का मारून चालू करता येते, ऑटोमॅटिकला ते जमत नाही. क्लचप्लेट गावचा मिस्त्रीही बदलतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडणारा मिळणे मुश्कील. चौथा मुद्दा मीच जोडते: चारच गिअर म्हणजे हायवेवर इंजिन जास्त ओरडते आणि ओव्हरटेक आधीपासून ठरवून करावा लागतो.

मुलांच्या अब्बांनी फोनवर दुसरी बाजू मांडली. ते म्हणाले, "इथे ओमानमध्ये जबल अखदरच्या डोंगरावर चढायला पोलीस फक्त फोर-बाय-फोर गाडी सोडतात. चौकीवर तपासतात. आणि त्या बहुतेक गाड्या पेट्रोल, ऑटोमॅटिक असतात. उतरताना डीमध्ये नाही ठेवायची, खालच्या गिअरवर आणायची. एवढंच शिकायचं." जिमनीच्या ऑटोमॅटिकमध्येही 'डी'खाली '२' आणि 'एल' आहेत. शिवाय उतारावर ब्रेक आपोआप सांभाळणारी यंत्रणाही आहे. बॅटरीसाठी डिकीत जंप केबल ठेवता येते. आणि ॲव्हरेजचा हिशेब? कंपनीच्या आकड्यांप्रमाणे मॅन्युअल १६.९४, ऑटोमॅटिक १६.३९. सहा हजार किलोमीटरला फरक पडतो वर्षाला सुमारे १२ लिटर. एवढ्यासाठी भांडण करायचे नाही.

मी मॅन्युअल चालवते, चाळिशीनंतर शिकले आणि ठीक चालवते. तरीही मी ऑटोमॅटिकचाच कौल दिला. कारण चिखलाच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची तर मॅन्युअलमध्ये हाफ क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांचा मेळ घालावा लागतो. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेलाने फिरणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो इंजिन बंद पडू देत नाही आणि सुरुवातीच्या संथ चालीत ओढ वाढवून देतो. ब्रेकवरून पाय हळू उचलला की गाडी सरकू लागते. मामू तीस वर्षांच्या सरावावर हे डाव्या पायाने करतात. मला ते रात्री दोन वाजता करायचे आहे, मागे अम्मींचा श्वास ऐकू येत असताना. आणि त्या दिवशी मी घरी नसले, तर माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला करायचे आहे. तिने आत्ताच लायसन्स काढले आहे. दोघींपैकी जी घरी असेल तिला जमेल असा गिअरबॉक्स, एवढीच माझी कसोटी होती.

हे मामूंना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असं आहे तर ऑटोमॅटिकच घे. पण पोरीला उतार मी शिकवणार." तेवढ्यात वाद मिटला.

एक इशारा मात्र स्वतःलाही दिला आहे. चार चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे होडी नव्हे. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येते असे कंपनी सांगते, पण ते उभ्या पाण्याचे माप आहे, वाहत्या पाण्याचे नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळुणात काय केले ते आम्ही पाहिले आहे. पाणी वाहत असेल तर गाडी कोणतीही असो, थांबायचे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कल करावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. लो रेंज, चांगले टायर, जंप केबल हे उंट बांधणे झाले. पुरात गाडी घालणे हा तवक्कल नव्हे.

ज्या बहिणींचे शौहर आखातात आहेत आणि घरात गाडीची बोलणी चालू आहेत, त्यांना एवढेच सांगेन. वर्षाला किती किलोमीटर होतात ते आधी लिहून काढा, इंजिन त्यावरून ठरेल. घरापर्यंतचा सर्वांत वाईट तुकडा चालून बघा, मोजा. दोन चाके की चार, रुंद की अरुंद, ते त्यावरून ठरेल. आणि गिअरबॉक्स ठरवताना टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसा, तीही सपाट रस्त्यावर नाही, चढावर. गाडी तिथे थांबवा आणि पुन्हा हलवा. सोबतच्या पुरुषाला मागच्या सीटवर बसू द्या.