पाटणची मावशी आणि ट्रॅक्टरची नोट

कोयना आणि केरा या दोन नद्यांच्या संगमावर आमचे पाटण वसले आहे. कराडहून चिपळूणला जाणारी एस.टी. येथे घटकाभर थांबते आणि पुढे कुंभार्ली घाटाकडे निघून जाते. २०१८ साली शंभराची जांभळी नोट निघाली तेव्हा तिच्या मागचे चित्र पाटणचे आहे असे कुणीतरी वाचले आणि आमच्या कचेरीत एकच गलका झाला. नीट पाहिले तर ते गुजरातमधले पाटण, आणि चित्र तेथील राणीच्या विहिरीचे. आम्ही हसलो आणि विसरलो. पण नोटेवर काय छापले आहे हे पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

मला पुण्यापर्यंत नेले ते मात्र दुसऱ्याच एका नोटेने. आमच्या वस्तीत ऐंशीच्या घरातील एक मावशी राहतात. त्यांचे मालक कोयना धरणाच्या कामावर होते. एके दिवशी संध्याकाळी मावशी बटवा घेऊन घरी आल्या.

"आरं लेका, ही ट्रॅक्टरची पाचाची नोट पाच लाखाला जातीया म्हनं. फायलीचं पैसं भरलं, आता कर भरा म्हनत्यात. तेवढा फारम बघ की."

नातवाने मोबाईलवर जाहिरात पाहिली होती. पलीकडच्या माणसाने रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून 'फाईल फी' म्हणून १८५० रुपये घेतले होते. आता तो 'कर' म्हणून आणखी ६००० मागत होता. मावशींना दर महिन्याला जे निराधारांचे अनुदान मिळते, त्यातलेच ते पैसे होते. मी नातवाला पहिल्यांदा पुढचे पैसे भरण्यापासून थांबवले. मग १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर फोन लावला आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. गेलेले पैसे परत आले नाहीत.

पण मावशींची खात्री पटेना. "तू नको म्हनतोस, पन खरंच किंमत आसली तर?" हा प्रश्न रास्त होता. गरिबाने आशा का करू नये? म्हणून मी नातवाला बरोबर घेतले, बटवा खिशात ठेवला आणि पुण्यात भरणाऱ्या 'कॉइनेक्स' या नाणी-नोटांच्या प्रदर्शनाला निघालो. पहाटेची एस.टी., कराडला गाडी बदलणे, दोन दशम्या आणि लसणाची चटणी, असा आमचा प्रवास झाला.

आत ओळीने टेबले मांडलेली. प्रत्येकावर जाड वह्या, पानापानांत प्लॅस्टिकची पाकिटे आणि पाकिटात नोटा. लोक भिंगातून नोटा पाहत होते, उजेडाकडे धरून घडी शोधत होते. एका वयस्क विक्रेत्यापुढे आम्ही ट्रॅक्टरची नोट ठेवली. ते काही बोलले नाहीत. टेबलाखालून त्यांनी एक गठ्ठा काढला. सगळ्या ट्रॅक्टरच्याच नोटा! "ही नोट वर्षानुवर्षे छापली. पुढे गांधीजींच्या चित्राची पाचाची नोट निघाली, तिच्यावरही ट्रॅक्टरच. लाख कोण देईल?"

मग त्यांनी नातवाला शेजारी बसवून सगळे समजावून सांगितले. नोट जुनी आहे म्हणून ती महाग होत नाही. ती किती उरली आहे, कोणाच्या सहीची आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, यावर किंमत ठरते. कोरी, घडी न पडलेली नोट वेगळी आणि हाताळलेली वेगळी. बँका पूर्वी गड्ड्यांना तारेचे टाचण मारीत, २००१ साली रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावले. त्या टाचणाच्या भोकानेही किंमत उतरते. सहीचे उदाहरण म्हणून त्यांनी आदारकरांच्या सहीची नोट दाखवली. बी. एन. आदारकर १९७० साली जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते, म्हणून त्यांच्या सहीला मागणी. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची सही सहाव्या जॉर्ज राजाच्या चित्राच्या नोटेवर आहे. राजा परका आणि सही आपल्या माणसाची!

एक सावधगिरीची गोष्टही कळली. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा आठवण म्हणून ढिगाने ठेवता येत नाहीत. २०१७ च्या कायद्याने सामान्य माणसाला अशा दहाच नोटा बाळगता येतात. अभ्यासक आणि संग्राहकांना पंचवीस. त्यापुढे दंड आहे. घरातील म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या एकदा पाहून घ्याव्यात.

मी माझ्यासाठी एकच नोट घेतली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली निघालेली एक रुपयाची. राजाच्या चित्राच्या जागी तिच्यावर सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. हाताळलेली होती म्हणून घासाघीस करून तीनशेला मिळाली. जेथे तथागतांनी पहिले प्रवचन दिले तेथील शिल्प देशाच्या रुपयावर आले, हे पाहून मन भरून आले. आज दोनशेच्या नोटेमागे सांचीचा स्तूप आहे आणि विसाच्या नोटेमागे वेरूळची लेणी. रोज हातातून जातात, पण आपण पाहत नाही.

परतीच्या गाडीत नातू म्हणाला, "काका, रुपयाची किंमत ठरवतं कोण?" मी त्याला बाबासाहेबांच्या ग्रंथाबद्दल सांगितले. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. रुपया घसरला की पहिला फटका मजुराला बसतो, कारण महागाई आधी येते आणि मजुरी मागून वाढते. मी बी.कॉम. झालो, पण हे मला पुस्तकापेक्षा मावशींच्या बटव्याने जास्त समजले.

बटव्यात ट्रॅक्टरच्या नोटेखेरीज शिडाच्या जहाजाच्या दहाच्या तीन नोटा होत्या. धरणावरच्या पगारातल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घर पडले, पण पत्र्याची पेटी तशीच सापडली होती. त्या तिन्हींचे मिळून विक्रेते थोडे पैसे द्यायला तयार होते. मी मावशींना तो आकडा सांगितला.

त्यांनी नोटा हातात घेतल्या आणि पदराने पुसल्या. "मग र्‍हाऊ दे. ह्या त्यांच्या हातच्या हायत्या." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ट्रॅक्टरची तेवढी मोड. पोराला वही आन."

वाचकहो, रिझर्व्ह बँक कोणाकडून जुन्या नोटा-नाणी विकत घेत नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशनही मागत नाही. २०२१ साली बँकेने तसे जाहीर केले आहे. आपल्या वस्तीतील प्रत्येक मावशीला हे घरी जाऊन सांगा. छापलेला कागद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, मोबाईल मात्र पोहोचला आहे.