दुपारी नाक वर करणारं विमान

रेडिओ कंट्रोलच्या विमानात काहीही बिनसलं की खापर पाती हलवणाऱ्या सर्व्होवर फुटतं. तो निळा, नऊ ग्रॅमचा डबा स्वस्तात मिळतो, दोन स्क्रू काढले की हातात येतो, म्हणून आधी तोच बदलायचा. माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात गेली. तिथेही हेच चालायचं. कंट्रोल व्हॉल्व्ह नीट बसेना की पहिल्यांदा पोझिशनर खोलायचा, आणि खोलून झाल्यावर कळायचं की व्हॉल्व्हची दांडीच पॅकिंगमध्ये आवळली आहे.

निवृत्तीनंतर या छंदात पडलो, तेव्हापासून आसपासची कॉलेजची पोरं विमानं घेऊन येतात. गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक जण आला. बाल्साचं, हाय विंगचं, दीड मीटर पंखांचं सुबक विमान. तक्रार मात्र विचित्र होती. सकाळी माळावर विमान सरळ उडायचं, स्टिकवरून हात काढला तरी चालायचं. ऊन चढलं की आपोआप नाक वर करायचं आणि ट्रिम, म्हणजे स्टिक मध्यावर असताना पातं कुठे थांबावं ते ठरवणारं बटण, सारखं खाली ओढत बसावं लागायचं. तेच ट्रिम ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलं की हे नाक खुपसायला निघायचं.

“काका, सर्व्हो बदलला, रिसीव्हर मित्राचा लावून पाहिला. आता ट्रान्समीटरच गेलाय बहुतेक.”

ट्रान्समीटर म्हणजे त्याची वर्षभराची शिल्लक. मी म्हटलं, थांब जरा.

सर्व्होचं काम तसं सरळ आहे. रिसीव्हर त्याला साधारण दर 20 मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. पल्स दीड मिलिसेकंदाची असली की हात मध्यावर, एक मिलिसेकंदाकडे गेली की वर, दोनकडे गेली की खाली. हात कुठे पोचला हे आतला छोटा पोटेन्शिओमीटर सांगतो आणि दोन्हींचा मेळ बसेपर्यंत मोटर फिरते. हा पोटेन्शिओमीटर झिजला तर सर्व्हो ठरावीक जागी थरथरतो. गिअरचा दात गेला तर करकरतो, उडी मारतो. रिसीव्हर-सर्व्होंना वीज पुरवणाऱ्या बीईसीकडून येणारा व्होल्टेज पडला तर शेपटीचं आडवं पातं, म्हणजे एकटा एलिव्हेटर नाही, सगळीच पाती गडबडतात, रिसीव्हर रीसेटसुद्धा होतो. एकच पातं सावकाश, उन्हाबरोबर सरकतं, ही लक्षणं इलेक्ट्रॉनिक्सची वाटेनात.

आधी मोटरचा पंखा काढायला लावला. बॅटरी जोडून टेबलावर काही करायचं असेल तर पंखा उतरवायचाच, याला माझ्याकडे सूट नाही. मग पुशरॉडच्या शेपटीकडच्या टोकाचा चिमटा, म्हणजे क्लेव्हिस, सोडला. एलिव्हेटर बोटाने वर उचलून सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली पडला. म्हणजे बिजागऱ्या मोकळ्या. सर्व्होच्या हाताशेजारी ट्रेवर पेन्सिलीची बारीक रेघ मारली आणि त्याला म्हटलं, स्टिक पूर्ण वर नेऊन हळू सोड, मग पूर्ण खाली नेऊन सोड. दोन्ही वेळा हात रेघेवर आला. क्लेव्हिस पुन्हा अडकवून तेच केलं. आता हात रेघेवर, पण एलिव्हेटर वरून आला की एका जागी थांबायचा, खालून आला की जरा दुसऱ्या. व्हॉल्व्हमध्ये याला आम्ही हिस्टेरेसिस म्हणायचो. सर्व्होचा हात आणि एलिव्हेटर जोडणारा हा पुशरॉड नायलॉनचा होता, नायलॉनच्याच नळीतून जाणारा. तो ओढून काढला तर शेपटीजवळच्या वळणावर घासून पांढुरका झालेला.

पोरगा खूश झाला. “सापडलं!” पण घासण्याने फार तर ट्रिम नक्की कुठे थांबेल ते कळेनासं होतं. सकाळ-दुपारचा हिशेब त्यातून लागत नाही.

रॉड परत घातला. उभ्या शेपटीला ग्राफ पेपरची पट्टी चिकटवली, एलिव्हेटरची मागची कड कुठे आहे त्याची खूण केली आणि रेडिओ चालू ठेवून विमान अंगणात उन्हात ठेवलं. आम्ही ओसरीवर चहा घेतला. त्याच्या कॉलेजच्या स्पर्धेच्या गप्पा झाल्या. परत जाऊन बघतो तर स्टिकला कुणी हात लावलेला नाही, सर्व्होचा हात पेन्सिलीच्या रेघेवर जिथल्या तिथे, आणि एलिव्हेटरची कड खुणेच्या वर सरकलेली.

“काका, प्लॅस्टिक एवढं वाढतं?”

वाढतं. नायलॉन मीटरमागे दर अंशाला साधारण 0.08 मिलिमीटर वाढतं. रॉड 65 सेंटिमीटरचा. आपल्याकडे जानेवारीत पहाटे 12-13 अंश आणि दुपारी 30 च्या पुढे, त्यात त्याने विमानाला गडद निळी फिल्म लावलेली, म्हणजे आत आणखी गरम. वीस अंशांचा फरक धरला तरी मिलिमीटरभर वाढ. बाल्साचं धड लाकडाच्या रेषांच्या दिशेने त्या मानाने काहीच वाढत नाही. क्लेव्हिस अडकतो तो हॉर्न एलिव्हेटरच्या खालच्या बाजूला, त्याचं भोक बिजागरीपासून 12 मिलिमीटरवर. वाढलेला रॉड हॉर्नला मागे ढकलतो, पातं वर जातं, जवळजवळ पाच अंश. त्याचा एलिव्हेटर एका बाजूला जेमतेम पंधरा अंश फिरायचा. तिसरा हिस्सा उन्हानेच खाल्ला.

त्यात आणखी एक होतं, आणि ते मला जवळजवळ प्रत्येक नवख्या विमानात दिसतं. क्लेव्हिस हॉर्नच्या आतल्या भोकात, तार सर्व्होच्या हाताच्या शेवटच्या भोकात, आणि मग पातं फार फिरतं म्हणून ट्रान्समीटरवर थ्रो, म्हणजे फिरण्याची मर्यादा, निम्मा केलेला. उलटं हवं. हॉर्नवर बाहेरचं भोक, सर्व्होवर आतलं, आणि थ्रो शंभर टक्क्यांजवळ. सर्व्होचा जोर वाढतो आणि गिअरमधला सैलपणा, म्हणजे प्ले, पात्यापर्यंत पोचताना निम्म्यावर येतो. हा प्ले वेगात फार महाग पडतो. फ्लटर, म्हणजे पात्याची वेगवान फडफड, सुरू झाला की मधमाश्यांसारखा आवाज येतो आणि तो कानावर पडेपर्यंत एलेरॉन बिजागरीतून निघालेला असतो. यूट्यूबवर थ्रो कमी करायला शिकवतात, भोक बदलायला कुणी सांगत नाही, कारण त्यासाठी स्क्रू काढावा लागतो.

नायलॉन फेकून कार्बनची पोकळ नळी घेतली, दोन्ही टोकांना पियानो वायर वाकवून दोऱ्याने आवळली आणि इपॉक्सी लावलं. कार्बन उष्णतेने वाढत नाही म्हटलं तरी चालेल. फक्त तो 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो, त्यामुळे रिसीव्हरची अँटेना त्या नळीला समांतर चिकटलेली होती ती काढून लांब, वरच्या बाजूला नेली. हॉर्नवर क्लेव्हिस बाहेर सरकवला. पुन्हा उन्हात ठेवलं. कड खुणेवरून हलली नाही.

माळावर सकाळी आणि भर दुपारी उडवून झालं, ट्रिमला हात लागला नाही. ट्रान्समीटरचे पैसे वाचले, त्यातून तो दुसरी बॅटरी घेणार आहे. रडरला अजून नायलॉनचीच काडी आहे. जाडसर शेपटीच्या संथ विमानात रडर अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला तर मला फरक पडत नाही, त्याला पडतो. परीक्षा झाली की तीही बदलू म्हणतोय.